मदत हवी आहे : वांग्यातील अळीसाठीच्या फवारण्या कशा कमी कराव्यात?

नमस्कार. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत आमचा वीस गुंठ्यांचा वांग्याचा प्लॉट आहे. पीक जोमदार असले तरी शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीमुळे प्रत्येक तोड्यात किडकी वांगी बाजूला काढावी लागतात, आणि आठवड्याला एक फवारणी हा आमच्या भागात जणू नियमच होऊन बसला आहे. तो मला मोडायचा आहे. खर्च हे त्याचे एक कारण आहे, परंतु खरी अडचण तोडणीची आहे.

वांग्याचा तोडा दर तीन-चार दिवसांनी येतो. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के या औषधासाठी वांग्यात शेवटची फवारणी आणि तोडणी यांमध्ये २२ दिवसांचे अंतर सांगितलेले आहे; म्हणजे तोडे चालू असताना ते वापरायचे तर पाच-सहा तोडे सोडून द्यावे लागतील, जे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारे नाही. एमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के या औषधासाठी हेच अंतर ३ दिवसांचे असल्याने सगळे त्याच्यावर येऊन थांबतात, आणि तेच ते औषध मारत राहिल्यास अळी त्याला दाद देईनाशी होण्याची भीती असते. कृषी सेवा केंद्रात विचारले तर दोन-तीन औषधे एकत्र करून मिळतात. त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचा एक गट) असले की मित्रकीटक मरतात, मागाहून पांढरी माशी आणि कोळी (पानांतील रस शोषणारी बारीक कीड) वाढतात, आणि त्यांच्यासाठी पुन्हा नवी बाटली आणावी लागते.

सध्या सुकलेले शेंडे खुडणे आणि संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारणे एवढे चालू आहे. तुडतुड्यांवर त्याचा उपयोग दिसतो, अळीवर मात्र पुरेसा नाही. आमच्या तीन बाजूंना ऊस आहे आणि चौथ्या बाजूला शेजाऱ्यांचे वांगेच आहे. अशा ठिकाणी एवढ्या लहान क्षेत्रात कामगंध सापळे (मादीच्या गंधाने पतंग पकडणारे) उपयोगी पडतील का, आणि फवारणी नेमकी कधी टाळता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. (बीटी वांगे, म्हणजे या अळीला तोंड देणारे जनुकीय बदल केलेले वाण, सुचवू नये; बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली असली तरी आपल्याकडे फेब्रुवारी २०१० पासून त्यावर स्थगिती आहे.)

प्रतिसाद (हातकणंगले)

सापळे जरूर लावा, पण त्यांच्याकडून काय मिळणार हे आधी लक्षात घ्या. सापळ्यातील ल्युअरला (गंधाच्या आमिषाला) फक्त नर पतंग येतात. शेजारच्या प्लॉटमधून मीलन होऊन आलेली मादी तुमच्या पानांवर अंडी घालणारच. त्यामुळे वीस गुंठ्यांत सापळ्यांनी कीड संपेल असे नाही, मात्र पतंग कधी वाढले हे त्यांवरून कळते, आणि फवारणीच्या दृष्टीने तीच माहिती मोलाची आहे. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते व आत गेल्यावर तिच्यापर्यंत औषध फारसे पोहोचत नाही. सापळ्यात पतंग नसताना केवळ वार पाहून केलेली फवारणी बहुतांशी वाया जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्यांनीही सापळे लावले तर परिणाम पुष्कळ वाढेल.

तुम्ही ज्याचा उल्लेख केलेला नाही ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. बाजूला काढलेली किडकी वांगी कुठे जातात? आपल्याकडे ती सर्रास बांधावर टाकली जातात. पूर्ण वाढलेली अळी तिथेच फळातून बाहेर पडून पालापाचोळ्यात कोष करते आणि साधारण आठ-दहा दिवसांत पतंग होऊन पुन्हा पिकावर येते. ही फळे त्याच दिवशी खोल पुरावीत. खुडलेले शेंडेही सरीत टाकू नयेत, आणि सुकण्याच्या खालून, निरोगी भागापर्यंत खुडावेत, नाहीतर अळी झाडातच राहते. मागील हंगामाची वांग्याची वाळलेली झाडे जळणासाठी रचून ठेवली असतील तर ती प्लॉटजवळ ठेवू नका, कारण त्यांतूनही पतंग निघतात. दोन्ही प्लॉटमध्ये ही स्वच्छता एकाच वेळी सुरू झाली पाहिजे.

शेजारच्या वांग्याची लागवड तुमच्या आधीची आहे की नंतरची, आणि तिथे सध्या कोणते औषध चालू आहे, हे कळवल्यास पुढचे सांगता येईल.