अनंत चतुर्दशीच्या आत २००डी ला दुसरी बॅटरी घ्यायचीये, कंपनीची घेऊ की लोकल?

मालवामिलचा_नातू

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. माझ्याकडे कॅननचा २००डी आहे, २०१८ साली घेतलेला, आणि त्याच्याबरोबर आलेली एकच एलपी-ई१७ बॅटरी आजवर चालवली. आता ती थकलीये. मागच्या अनंत चतुर्दशीला राजवाड्यापाशी संध्याकाळी सातपासून उभा होतो, जागा सोडली तर परत मिळणार नाही म्हणून पाणी प्यायलाही हललो नाही, आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला बॅटरीचं चिन्ह लाल होऊन लुकलुकायला लागलं. मालवा मिलची झाँकी, म्हंजे मिरवणुकीतला दिव्यांचा देखावा, अजून यायची होती. माझे आजोबा मालवा मिलमध्ये साचेखात्यात होते. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी कामगार मंडळी वर्गणी काढून झाँकी काढतातच, आजोबा होते तोवर तेही तिथे रात्र रात्र बसून बांबूचे सांगाडे बांधायचे. ती झाँकी समोर आली तेव्हा कॅमेरा बंद पडलेला. मोबाइलवर दोन फोटो काढले, त्यात दिव्यांच्या जागी नुसते पांढरे डाग आहेत.

यंदा तसं होऊ द्यायचं नाहीये. जेल रोडवर चौकशी केली, कंपनीची बॅटरी चार हजारांच्या आसपास सांगतात. एका नावाजलेल्या लोकल ब्रँडची सातशेला आहे, आणि एका दुकानात नाव-गाव नसलेली तीनशेला, तिच्यावर चक्क २००० एमएएच (किती चार्ज मावतो त्याचा आकडा) छापलंय जेव्हा कंपनीच्या बॅटरीवर १०४० लिहिलेलं आहे. दुकानदार म्हणतो भिया हीच घेऊन जा, डबल चालेल. पैसे जपून वापरावे लागतात म्हणून विचारतोय, चार हजार घालण्यात अर्थ आहे का? चतुर्दशीला अजून तीन आठवडे आहेत.


सिरपूरचा_बगळा

दादा, ती तीनशेवाली आधी डोक्यातून काढून टाका. एलपी-ई१७ च्या आत दोन छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून ७.२ व्होल्ट. ७.२ गुणिले १.०४ म्हंजे साधारण साडेसात वॉट-अवर, तेवढीच ताकद त्या डबीत मावते. सोनीची एनपी-एफझेड१०० बघा, ती खरोखर २२८० एमएएच ची आहे पण आकाराने केवढी मोठी, वजन ८३ ग्रॅमच्या आसपास भरतं. तुमची एलपी-ई१७ फक्त ४५ ग्रॅमची. त्याच डबीत दुप्पट माल कुठून येणार? आकडा छापायला काही लागत नाही, शाई लागते फक्त.

पण सातशेवालीबद्दल माझं मत वेगळं आहे. मी चार वर्षं झाली सिरपूर तलावावर आणि यशवंत सागरला पक्ष्यांचे फोटो काढतोय, माझ्याकडे एक कंपनीची आणि दोन लोकल आहेत आणि लोकलनी मला कधी अडवलं नाही. एक गोष्ट मात्र घेण्याआधी विचाराच, बॅटरी फुल डीकोडेड आहे का, म्हंजे कॅमेरा आणि चार्जर तिला कंपनीच्या बॅटरीसारखी ओळखतात का. एलपी-ई१७ मध्ये चिप असते, ती कॅमेऱ्याशी आणि चार्जरशी बोलते. साधी लोकल टाकली तर कॅमेरा सुरू करताना विचारतो की बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का, तुम्ही पुढे चला म्हटलं की चालतो पण किती चार्ज उरलाय ते पुष्कळदा दाखवत नाही. आणि कंपनीच्या चार्जरवर ती बऱ्याचदा चार्जच होत नाही, दिवा भराभर लुकलुकत राहतो, लोक समजतात बॅटरी खराब निघाली. त्यासाठी मग दोन बॅटऱ्यांचा यूएसबी चार्जर वेगळा घ्यावा लागतो. डीकोडेड असेल तर हे दोन्ही त्रास नाहीत, शंभर-दोनशे जास्त गेले तरी डीकोडेडच घ्या. भर गर्दीत चार्ज किती उरलाय हे न दिसणं म्हंजे मागच्या वर्षीचीच गोष्ट पुन्हा.


स्टुडिओवाली_ताई

नातू भाऊ, मी थोडं वेगळं सांगते कारण मी सोसलंय. आमचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे, मी आणि माझा दीर मिळून बघतो. दोन वर्षांपूर्वी सीझनला चार लोकल बॅटऱ्या एकदम घेतल्या, कुठल्या ते लिहीत नाही. पहिले सहा महिने झकास. मग मे महिन्यात एका लग्नात, बाहेर ४२ डिग्री, वरमाला आटोपली आणि मी बॅटरी बदलायला झाकण उघडलं तर बॅटरी बाहेरच येईना. त्या खाचेत ती स्प्रिंगने वर उडी मारते ना, तशी उडाली नाही, जागच्या जागी घट्ट. नखाने ओढून पाहिली. वरच्या कडेला जिथे प्लॅस्टिकचे दोन भाग चिकटवलेले असतात तिथे बारीक फट पडलेली दिसत होती, आणि मधोमध पोट आल्यासारखी ती फुगलेली. दीर म्हणाला पेचकसाने काढू, मी त्याचा हात धरला. लिथियमच्या सेलमध्ये टोक घुसलं तर आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. ते लग्न दुसऱ्या कॅमेऱ्यावर पार पडलं, पण तो कॅमेरा आठ दिवस दुरुस्तीला गेला आणि आतली पट्टी बदलावी लागली. तीन हजार वाचवायला गेलो होतो आणि त्याच्या दुप्पट भरले.

फुगते का तर आतलं रसायन खराब होऊन त्याचा गॅस होतो. जास्त चार्ज झाली, तापली, पार रिकामी करून महिनोन् महिने ठेवली की हे होतं. कंपनीच्या पण फुगतात, जुन्या झाल्या की. फरक आतल्या सर्किटचा आहे. चांगल्या बॅटरीत जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि शॉर्ट या तिन्हीला रोखणारा छोटा बोर्ड असतो, आणि तापमान सांगणारा थर्मिस्टर. स्वस्तातल्या मालात थर्मिस्टरच्या जागी कधी कधी साधा रेझिस्टर बसवलेला असतो, मग बॅटरी तापली तरी चार्जरला पत्ता लागत नाही, तो आपला करंट सोडत बसतो. रात्री चार्जिंगला लावून सगळे झोपलेले असतात हो घरात, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

तुम्हाला वर्षातून एकच रात्र हवीये, ती रात्र परत येत नाही. कॅमेऱ्यात असायची ती कंपनीचीच घ्या.


लष्करकर_ग्वाल्हेर

ताईंचं पटलं, फक्त एक विचारतो. जुनी बॅटरी खरंच गेलीये का आधी बघितलंत का? २००डी ला कंपनी व्ह्यूफाइंडरमधून सुमारे ६५० फोटो सांगते, पण स्क्रीनवर बघून म्हंजे लाइव्ह व्ह्यूने काढले तर तोच आकडा २६० च्या आसपास येतो. गर्दीत हात वर करून स्क्रीन बाहेर फिरवून फोटो काढत असाल, तर चार-साडेचार तासांत नवी बॅटरी पण संपेल. स्क्रीनचा उजेड कमी करा, दर फोटोनंतर आपोआप दिसणारा रिव्ह्यू बंद करा, वायफाय बंद ठेवा. आणि झाँकी येईपर्यंत कॅमेरा बंद.

आमच्याकडे तानसेन समारोहाला डिसेंबरच्या थंडीत दुसराच अनुभव येतो, पहाटेकडे बॅटरी अचानक बसते, खिशात बनियनजवळ दहा मिनिटं ठेवली की परत थोडी चालते. थंडीत आतली क्रिया मंदावते म्हणून. तुम्हाला सप्टेंबरात तो प्रश्न नाही, तुमचा शत्रू गरमी. दिवसभर गाडीच्या डिकीत बॅग ठेवू नका.


सिरपूरचा_बगळा

ताई, तुमचं वाचून मी माझ्या दोन्ही लोकल बॅटऱ्या टेबलावर ठेवून पाहिल्या, सपाट आहेत, डोलत नाहीत. ही सवय सगळ्यांनीच ठेवावी, काचेवर ठेवायची आणि बोटाने गिरकी द्यायची, फुगलेली असेल तर गरगर फिरते.

तुम्ही सर्किटचं लिहिलंत ते शंभर टक्के खरं, पण ‘कंपनीची’ म्हणून जे विकतात ते कंपनीचंच असतं असंही नाही ना. हुबेहूब डबी, होलोग्राम सुद्धा, आणि आत तीच तीनशेवाली. चार हजारांची वस्तू कोणी पंधराशेला देत असेल तर समजून जायचं. पक्कं बिल देणाऱ्या अधिकृत दुकानातूनच घ्या. आणि लोकल घ्या की कंपनीची, लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर ने सुरू होणारा नंबर शोधा. आपल्याकडे अशा लिथियम बॅटऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, त्यात तो आर नंबर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभं राहूनच टाकून बघा, दुकानदाराचा चेहरा पण बघा.


मालवामिलचा_नातू

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय कारण मधे सगळं करून पाहत होतो.

शेवटी दोन्ही घेतल्या. कंपनीची एक, बिलावर, आईने अर्धे पैसे घातले, म्हणाली आजोबांसाठी आहे. आणि सातशेवाल्या ब्रँडचीच डीकोडेड साडेआठशेला. आर नंबर ॲपमध्ये टाकला, लेबलवरच्या ब्रँडचंच नाव आलं.

सराफ्यात आमच्या ओळखीच्या काकांची पेढी आहे, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांच्या सोन्याच्या काट्यावर बॅटऱ्या ठेवल्या. कंपनीची ४५ ग्रॅम आणि वर थोडी, माझी जुनी पण जवळपास तेवढीच, लोकल ४१. मित्राने गेल्या वर्षी ती २००० एमएएच वाली घेतली होती, ती पण मागून आणली होती. ३० ग्रॅम! काका म्हणाले ह्यात अर्धी नुसती हवाच भरलीये रे.

मग घरी तिन्ही पूर्ण चार्ज करून पंखा लावून व्हिडिओ चालू ठेवला, अर्ध्या तासाने आपोआप थांबतो तेव्हा परत दाबत होतो, बहिणीने वेळ लिहून ठेवला. कंपनीची नवी २ तास २५ मिनिटं. डीकोडेड लोकल १ तास ५५. जुनी फक्त ५० मिनिटं, तेव्हा लष्करकर काका, ती खरंच गेलीये. मित्राची ती हलकी बॅटरी लावायची इच्छाच झाली नाही. लोकल चार्ज होताना कंपनीच्या बॅटरीपेक्षा जरा जास्त कोमट लागते पण हात ठेवता येतो. तरी रात्री लावून झोपणार नाही ताई, तुमचं वाक्य लक्षात आहे.

आता ठरवलंय की संध्याकाळी लोकलने सुरुवात करायची, दोन रेषा उरल्या की कंपनीची टाकायची, म्हंजे मालवा मिल येईल तेव्हा नवीच आत असेल. चालेल ना असं?

आणि जुनी बॅटरी आणि मित्राची ती, दोन्हींचं काय करू?


स्टुडिओवाली_ताई

चालेल काय, उत्तमच. फक्त अदलाबदल गर्दीत करू नका, दोन झाँक्यांच्या मधे अंतर पडतं तेव्हा करा, आणि सुटी बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकू नका. तिच्याबरोबर प्लॅस्टिकचं टोपण मिळालं असेल ते लावूनच ठेवा. भरलेलीचं टोपण एका बाजूने आणि रिकामीचं उलटं लावायचं, अंधारात बोटांना कळतं.

जुन्या दोन्हींच्या पितळी टोकांवर सेलोटेप चिकटवा आणि सकाळी नगर निगमची गाडी आली की ई-कचऱ्याच्या कप्प्यात द्या. आपल्याकडे सहा प्रकारचा कचरा वेगळा घेतात, सुक्या कचऱ्यात गेली आणि गाडीत दाबली गेली तर आग लागते. मित्राला सांगा पेटीत नुसती पडलेली असली तरी ठेवू नको.

चतुर्दशीनंतर फोटो इथे टाका. मालवाचा सगळ्यात आधी. माझे सासरे राजकुमार मिलमध्ये होते, जमलं तर तिचाही एक काढा.