चॅम्प टाइप व्हॉल्व अँप बांधतोय, पार्ट्स कुठले घेऊ आणि पैसे नक्की कुठे घालू?

पंचगंगा_ब्लूज:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, पेडल्स बरीच बनवलीत पण व्हॉल्व अँप पहिलाच. फेंडर चॅम्प ५एफ१ या छोट्या जुन्या गिटार अँपचं सर्किट धरलंय, म्हणजे एक १२एएक्स७ (प्रीअँपचा व्हॉल्व), एक ६व्ही६ (आउटपुटचा) आणि रेक्टिफायर ५वाय३ (एसीचा डीसी करणारा), एवढंच. व्हॉल्व आणि सॉकेट आलेत. आता अडलंय ते बाकीच्या पार्ट्सवर. नेटवर जो तो सांगतो ऑरेंज ड्रॉप कॅपॅसिटर आणि जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर घातल्याशिवाय तो आवाज येतच नाही, आणि हे सगळं बाहेरून मागवायचं तर बजेट तिथेच संपतं. दुसरं म्हणजे आतेभाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय, तो ट्रान्सफॉर्मरचा सेट आणू शकतो, १२० व्होल्टचा आहे, स्टेपडाउन लावून चालेल का? आणि इथल्या दुकानात ४०० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सहज मिळतात, ते चालवून घेऊ का?

व्हॉल्ववाले_काका:
आधी ट्रान्सफॉर्मरचं बोलूया कारण अर्धं काम तिथेच आहे. भावाला तो सेट आणायला सांगण्याआधी लेबल बघायला सांग. त्यावर ५०/६० हर्ट्झ लिहिलं असेल तर हरकत नाही, पण नुसतं ६० हर्ट्झ असेल तर स्टेपडाउनने फक्त व्होल्टेज उतरेल, फ्रिक्वेन्सी आपली ५०च राहणार. तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) २० टक्क्यांनी वाढतो, ट्रान्सफॉर्मर तापतो, गुरगुरतो आणि ती गुरगुर स्पीकरमध्ये उतरते. त्यापेक्षा इथेच चांगल्या वाइंडरकडून करून घे, प्रायमरी (मेन्सकडचं वाइंडिंग) २३० ची सांग, जुन्या सवयीने २२० ची गुंडाळतात आणि मग रात्री लाइन २४५ झाली की हीटरपासून एचटीपर्यंत (व्हॉल्वच्या प्लेटला जाणारं मोठं डीसी व्होल्टेज) सगळंच चढतं. हीटरला दोन्ही व्हॉल्व मिळून पाऊण अँपिअर लागतो (६व्ही६ ला ०.४५, १२एएक्स७ ला ०.३), तरी ६.३ व्होल्टचं वाइंडिंग दीड-दोन अँपिअरचं सांग, आणि ५वाय३ साठी ५ व्होल्ट २ अँपिअर वेगळं.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जास्त जप. चॅम्प सिंगल एंडेड आहे, म्हणजे आउटपुटला एकच व्हॉल्व, प्रायमरीतून सतत ४० मिलीअँपिअरच्या आसपास डीसी वाहतो, म्हणून कोअरमध्ये गॅप हवाच. वाइंडरला स्पष्ट सांग की स्टॅम्पिंग (कोअरचे ई आणि आय आकाराचे पत्रे) एकाआड एक भरायचं नाही, सगळे ई एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला आणि मधे कागद. ५ के ते ८ ओहम म्हणजे रेशो २५ ला १, आणि ४ ओहमचा टॅप पण काढून घे, मूळ चॅम्पचा स्पीकर त्याच्याच जवळचा आहे. जुन्या ईएल८४ च्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर इंपिडन्सने जुळतो पण कोअर बारीक असतो, लो ई स्ट्रिंग (गिटारची सगळ्यात जाड तार) पोकळ वाजते.

लॅमिंग्टन_रोड_फॅन:
काकांना पूर्ण अनुमोदन. ४०० व्होल्टचे अजिबात घेऊ नकोस भावा. मूळ चॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५ आहे, त्याला १.४१ ने गुण, ४६० होतात. चालू अँपमध्ये एचटी साडेतीनशेच्या आसपास दिसतं म्हणून लोकांना ४०० पुरेसा वाटतो, पण ५वाय३ लगेच तापतो आणि ६व्ही६ ला वेळ लागतो, त्या मधल्या सेकंदांत लोडच नसतो आणि व्होल्टेज पार वर जातं. तेव्हा रेक्टिफायरनंतरचा पहिला फिल्टर कॅपॅसिटर ५०० व्होल्टचाच घे, मिळत नसेल तर दोन ३५० चे सिरीजमध्ये लाव आणि प्रत्येकावर २२० के २ वॉटचा रेझिस्टर टाक, त्याने व्होल्टेज सारखं वाटलं जातं आणि बंद केल्यावर डिस्चार्जही होतो. आणि हम (मेन्सची गुणगुण) कमी व्हावी म्हणून तिथे ४७ किंवा १०० मायक्रोफॅरड घालायचा मोह होतो तो आवर, मूळ १६ चा आहे, ५वाय३ ला २० च्या आसपासच झेपतो, चालू करताना लागणारा करंट त्याचं आयुष्य खातो. वाढवायचंच असेल तर पुढच्या दोन टप्प्यांत वाढव.

कपलिंग कॅपॅसिटर (एका स्टेजचा सिग्नल पुढच्या स्टेजला देणारा) म्हणशील तर ६३० व्होल्टचा साधा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घे, ब्रँडपेक्षा व्हॅल्यू ऐकू येते. ०.०२२ मायक्रोफॅरड आणि ६व्ही६ चा २२० के ग्रिड रेझिस्टर मिळून ३३ हर्ट्झवर कट लागतो, म्हणजे त्याखालचा बास उतरतो, गिटारचा लो ई ८२ वर आहे, म्हणजे भरपूर झालं. ०.०१ घातलास तर कट ७२ वर येतो आणि बास आवळला जातो, काहींना ओव्हरड्राइव्हला तेच आवडतं. फक्त जुना काढलेला कॅपॅसिटर तिथे नको, तो लीक झाला की ६व्ही६ च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह डीसी जातो आणि प्लेट लाल होते.

सप्तक_सर्किट:
रेझिस्टरबाबत थोडं वेगळं मत मांडते. कार्बन कॉम्पोझिशनची सगळी गोष्ट खोटी नाही, त्यांचं मूल्य व्होल्टेजबरोबर किंचित बदलतं आणि सिग्नलचा झोका मोठा असेल तिथे थोडा सेकंड हार्मोनिक मिळतो. पण त्यासाठी मोठ्या अँपच्या फेज इन्व्हर्टरसारखी (सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणारी स्टेज) जागा लागते, चॅम्पमध्ये ती नाहीच. पहिल्या स्टेजच्या १०० के प्लेटवर ते घातले तर डीसीमुळे होणारी खरखर तेवढी मिळेल, आणि ती पुढे सगळी अँप्लिफाय होऊन येते. मी तिथे मेटल फिल्मच सांगेन, तोही १ वॉटचा. वॉटेजसाठी नाही, व्होल्टेजसाठी, कारण पाव वॉटच्या रेझिस्टरला साधारण २५० व्होल्टचीच मर्यादा असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ६व्ही६ च्या कॅथोडचा ४७० ओहम रेझिस्टर मात्र ५ वॉटचा वायरवाउंड घे आणि शेजारच्या २५ मायक्रोफॅरडच्या बायपास कॅपॅसिटरपासून लांब बसव, त्या उष्णतेने इलेक्ट्रोलिटिक लवकर सुकतो.

आणि जुन्या नकाशांत मेन्सपासून चेसिसला जोडलेला कॅपॅसिटर दिसला तर तो सरळ गाळ. तीन पिनची वायर, अर्थ थेट चेसिसला बोल्टने, फेजमध्ये फ्यूज. यात कुठलीही काटकसर करू नका कृपया.

पंचगंगा_ब्लूज:
सगळ्यांचे खूप आभार, डोक्यातला गोंधळ उतरला. भावाला ट्रान्सफॉर्मर नको म्हणून कळवलं, त्याऐवजी ५०० व्होल्टचे फिल्टर आणायला सांगितलेत, हलके आहेत. वाइंडर इचलकरंजीत मिळालाय, स्टॅबिलायझर करतो, गॅपचं सांगितल्यावर त्याला लगेच समजलं. आता पहिल्यांदा चालू करताना कसं करू?

व्हॉल्ववाले_काका:
फिलामेंटचा ६० वॉटचा बल्ब मेन्सच्या वायरमध्ये सिरीजमध्ये लाव, एलईडी चालणार नाही. आधी एकही व्हॉल्व न लावता हीटरचं एसी मोज, लोड नसताना ६.३ पेक्षा थोडं जास्त दिसेल, घाबरू नकोस. मग तिन्ही व्हॉल्व आणि स्पीकर लाव, स्पीकरशिवाय कधीच चालू करायचा नाही. नुसता ५वाय३ लावून बघायचा असेल तर एचटी साडेचारशेपर्यंत जाईल एवढं लक्षात ठेव. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच झगझगीत राहिला तर लगेच बंद कर. सगळं नीट वाटलं की बल्ब काढून ४७० ओहमवरचं व्होल्टेज मोज, १९-२० च्या आसपास यायला हवं. मोजताना एक हात खिशात, आणि आत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी पहिल्या फिल्टरवर मीटर लावून शून्य आलंय का ते बघ. आकडे इथे टाक, पुढचं बघू.