ध्वजदहन, झेंड्याची होळी की विटंबना?

प्रुफवाली: 'टेक्सास विरुद्ध जॉन्सन' (१९८९) या अमेरिकी निकालावरच्या लेखाचं भाषांतर तपासतेय. १९८४ साली डॅलसमध्ये निदर्शनात जॉन्सन नावाच्या निदर्शकाने अमेरिकेचा झेंडा जाळला. सर्वोच्च न्यायालय ५ विरुद्ध ४ मतांनी म्हणालं, ही अभिव्यक्तीच आहे. भाषांतरात सरसकट 'ध्वजविटंबना' आलंय. 'ध्वजदहन' सुचवलं, तर उत्तर आलं की दहन वैकुंठ स्मशानभूमीत होतं. काय ठेवू?

नळस्टॉप: विटंबना काढाच. ते आरोपाचं नाव. कृतीलाच ते चिकटवलं की निकाल वाचायच्या आधीच माणूस दोषी. दहनात मात्र काही वावगं नाही. रावणदहन, पुतळादहन, महाडचं मनुस्मृतिदहन (२५ डिसेंबर १९२७). निषेधाचा रुळलेला शब्द आहे.

पाचपेठी: मग आपली होळी काय वाईट? १९०५ साली पुण्यात सावरकरांनी विदेशी कपड्यांची होळीच केली, दहन नव्हे. फर्ग्युसनने १० रुपये दंड केला तो होळीबद्दल.

नळस्टॉप: होळीला ढीग लागतो. एका झेंड्याची कसली होळी?

पाचपेठी: शासन निर्णयाची होते की, एकाच कागदाची!

कलम_दोन: खरी अडचण पुढेच आहे. आपली ध्वजसंहिता (२००२) सांगते की फाटका, मळका ध्वज खासगीत, संपूर्ण, शक्यतो जाळून नष्ट करावा. आणि राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१, कलम २ नुसार तोच ध्वज सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर जाळून अवमान केला तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अमेरिकेतही जीर्ण ध्वज जाळणंच इष्ट मानतात, आणि निकालात त्याचा उल्लेख आहे. म्हणून 'दहन' सन्मानाच्या विल्हेवाटीला राखून ठेवा, जॉन्सनला साधं 'झेंडा जाळणे'.

घमेलं: विल्हेवाटीचं निघालंच आहे तर: काठी, दोरी, कड्या आधी काढा, घडी घाला, मोकळ्या हवेत, पण खासगीतच, लोखंडी घमेल्यात ठेवा. खादी, सुती कापडाची राख होते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरही चालतं, पण ते आक्रसतं, वितळतं, जळते थेंब गळतात, कातडीला चिकटतात. चिमट्याशिवाय हात घालू नका. मध्येच विझलं तर अर्धवट गोळा उरतो. तो कचऱ्यात टाकलात तर 'संपूर्ण नष्ट' कुठे झालं?

पाचपेठी: म्हणजे पॉलिएस्टरचं दहन नाही, वितळण.

शुद्धमती: 'झेंडा' तरी कशाला? ध्वज म्हणा.

कलम_दोन: शाळेत पोरं झेंडावंदनाला जातात, ताई. निमंत्रणपत्रिकेत ध्वजारोहण छापलं तरी.

शुद्धमती: पत्रिकेत छापतात तेच प्रमाण. आणि 'विटंबना' विटण्यावरून आलाय, हेही नोंदवा. रंग विटला की झेंड्याची विटंबना.

नळस्टॉप: गोड आहे, पण नाही. संस्कृत विडम्बना, नक्कल करून खिजवणं. त्यातूनच आपलं विडंबन. ड चा ट झाला, एवढंच.

शुद्धमती: ड चा ट होतो? आणखी एक उदाहरण द्या.

प्रुफवाली: पान संध्याकाळी छपाईला जातंय. 'झेंडा जाळणे' करते. मथळ्यात बसत नाहीये, तिथे काय?

शुद्धमती: आधी उदाहरण येऊ द्या.