दोन-अडीच वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यात डोंगरावर न्यावं, की थांबावं?

रानवाट

उन्हाळा जवळ आला की घरातली वडीलधारी मंडळी, शेजारी, ऑफिसमधले लोक सगळे एकच सांगतात: "मूल पाच वर्षांचं होऊ दे, मग काय फिरायचं ते फिरा." माझी मुलगी अडीच वर्षांची आहे आणि मला हा सल्ला अजिबात पटत नाही. का पटत नाही ते मांडते. ज्यांचं मत उलट आहे त्यांनी खुशाल विरोध करावा.

आधी उन्हाचं बोलू. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे हवा तापली की मूलही लवकर तापतं. बंद गाडीत उन्हात अडकलेल्या लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. त्यात तहान लागली, गरगरतंय, हे त्याला धड सांगता येत नाही. उलट डोंगरावर दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली ४० अंश असेल तर २००० मीटरवर २७ च्या आसपास. सकाळपासून पडदे ओढून कोंडून ठेवलेलं मूल एकीकडे आणि दहा वाजताही झाडाखाली गवतावर बसलेलं मूल दुसरीकडे. मला यात निवड अवघड वाटत नाही.

दुसरं म्हणजे, या वयाचं मूल फिरायला फार चांगली सोबत असतं. त्याला स्थळांची यादी नको असते. मुंग्यांची रांग, ओला दगड, दारातून आत आलेलं धुकं, एवढ्यात त्याची सकाळ जाते. आपण मात्र सहा पॉइंट आणि सूर्यास्त असा बेत आखतो आणि वर म्हणतो की मुलाने त्रास दिला. एकच मुक्काम, दिवसातून एकदाच बाहेर पडणं आणि दुपारची झोप न मोडणं, एवढं पाळलं तर पाच वर्षं थांबायचं कारण मला दिसत नाही.

"मूल लहान आहे" एवढ्यावर थांबू नका. नक्की काय बिघडतं ते सांगा.

उंबरठा

नक्की काय बिघडतं तेच सांगतो.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची धरून. नवी खोली, नवा पलंग, बाजूच्या खोलीतली माणसं, जेवणाच्या बदललेल्या वेळा यांनी पहिली बाधा येते ती याच झोपेला. झोप मोडली की खाणं मोडतं. खाणं मोडलं की पोट बिघडतं. दोन दिवस अशात गेले की तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे, आणि तो कोणी बोलत नाही. ही सुट्टी असते कुणाची? बॅग भरणारी, औषधं आठवणीने घेणारी, जेवणघरात मुलाला आधी भरवून स्वतःचं ताट गार झाल्यावर जेवणारी, दुपारी एक ते तीन अंधाऱ्या खोलीत मुलाशेजारी आवाज न करता बसून राहणारी एकच व्यक्ती असते. बहुतेक घरांत ती आई असते. बाकीचे बाहेर व्हरांड्यात चहा पीत दरी बघतात. घरी निदान तिच्या हाताशी तिच्या वस्तू असतात, हाकेला माणसं असतात.

आणि मुलाला यातलं काय आठवणार? मोठेपणी बहुतेकांची सगळ्यात जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. तेव्हा जायचं तर जा, पण मुलासाठी जातोय असं म्हणू नका. त्याला सावलीत बादलीभर पाणी दिलं तरी तेवढाच आनंद होतो.

शेवाळ

उंबरठा, आठवणीच्या मुद्द्यावर तीव्र असहमती.

मोठेपणी आठवत नाही याचा अर्थ त्या वयात काही साठतच नाही असा होत नाही. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या मानसशास्त्रज्ञ बाईंचे यावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. बाळाने कळ दाबली की खेळण्यातली आगगाडी चालते, एवढंच शिकवायचं आणि मग किती काळाने ते त्याला आठवतं हे पाहायचं. सहा महिन्यांच्या बाळांना ते साधारण दोन आठवडे आठवलं, दीड वर्षाच्या मुलांना सुमारे १३ आठवडे. अडीच वर्षांचं मूल घरी आल्यावर महिनाभर "धुकं कुठे गेलं?" विचारत असेल तर ते उगाच नव्हे.

आणि तुमचाच निकष लावायचा तर तीन वर्षांच्या आत मुलाला अंगाई गाऊ नये, गोष्ट सांगू नये. तीही आठवत नाही. त्या वयात मिळालेल्या गोष्टींची किंमत आठवणीत राहण्यावर ठरत नसते.

उंबरठा

प्रयोग माहीत नव्हता, मान्य. पण कळ दाबून चालणारी आगगाडी घरीही चालते. त्यासाठी २००० मीटर चढायला नको. आणि श्रमांच्या मुद्द्याला तुम्ही हात लावलेला नाही.

निळी फाईल

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. जावं की नाही हे मी सांगणार नाही, पण रानवाट ताईंनी उन्हाबद्दल जे लिहिलंय त्याची दुसरी बाजू राहून गेली आहे.

त्वचेच्या क्षेत्रफळाचा तोच हिशेब थंडीतही लागू पडतो. जे मूल लवकर तापतं ते लवकर गारही पडतं. पाठीवरच्या कॅरियरमध्ये मुलाला बसवून बाबा चढण चढतात. बाबांना घाम येत असतो, म्हणून हवा उबदार वाटते. मूल मात्र तासभर हालचाल न करता वाऱ्यात बसलेलं असतं. मुलाचे हात-पाय आणि मान मधूनमधून हाताने चाचपून बघा, आपल्या अंगावरून अंदाज बांधू नका. गार हवेत ऊन लागत नाही असंही समजू नका. दर १००० मीटरला अतिनील किरणांचा मारा साधारण १० टक्क्यांनी वाढतो. टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेतच.

आता उंचीबद्दल. बुकिंग करताना लोक खोलीतून दरी दिसते का विचारतात, उंची कोणी विचारत नाही. २५०० मीटरच्या खाली विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच, सुमारे तीन चतुर्थांश, मिळतो. मोठ्यांमध्ये हा त्रास ओळखायला 'लेक लुईस' नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यात पहिला प्रश्न डोकेदुखीचा आहे. दोन वर्षांचं मूल डोकं दुखतं म्हणून सांगणार नाही. म्हणून लहान मुलांसाठीच्या प्रश्नावलीत किरकिर किती आणि किती वेळ, जेवण, खेळ आणि झोप कशी, हे पाहतात. अडचण अशी की प्रवासाने दमलेलं मूलही अगदी असंच वागतं. माझा नियम कडक आहे: २५०० मीटरच्या वर मूल कारणाशिवाय किरकिर करत असेल, खात नसेल, उलटी करत असेल, तर ते उंचीमुळे आहे असंच धरून चालायचं. आणखी वर जायचं नाही, आणि उतार पडला नाही तर रात्र असो की दिवस, खाली यायचं. "बघू सकाळी" हे या वयात चालत नाही.

घाटातल्या उलट्यांवर घरातलं कुठलंही औषध देऊ नका. प्रोमेथाझिन हे मळमळीवरचं जुनं औषध दोन वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्येच दिला, कारण त्याने श्वास मंदावू शकतो. तसंही दोन वर्षांच्या आत गाडी लागणं कमीच. ते पुढे वाढतं. निघण्याआधी हलकं खाणं आणि वळणांवर गाडी सावकाश, यानेच बरंच काम होतं.

काजवा

मी काही वर्षं डोंगरावरच्या एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात काम केलंय. माझं मत तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे. मुलाला डोंगरावर जरूर न्या, रिसॉर्टमध्ये नेऊ नका.

रिसॉर्टची रचना मोठ्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. दरीकडे उघडणारी बाल्कनी हे तिथलं मुख्य आकर्षण. तिच्या कठड्याच्या दोन गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर लहान मूल त्यातून निसटू शकतं. अनेक ठिकाणच्या बांधकाम नियमांत ही मर्यादा असते, पण जुन्या इमारतींत ती पाळलेली असेलच असं नाही. कठडा ठीक असला तरी त्याला लागून वेताची खुर्ची ठेवलेली असते, आणि त्या खुर्चीवर चढायला या वयाच्या मुलाला क्षणही पुरतो. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर खुर्च्या आत घ्या.

तरणतलावाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची. जगभर बुडून मरण्याचं प्रमाण १ ते ४ वर्षं वयात सगळ्यात जास्त आहे. लोकांना वाटतं मूल ओरडेल, हातपाय मारेल. तसं सहसा होत नाही, ते गुपचूप बुडतं. तिथे चार नातेवाईक असतात, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. "आता मी बघतोय" असं एकाने मोठ्याने म्हणायचं आणि हातातला फोन दूर ठेवायचा. तलावाला कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक आहे का, हे फोनवरच विचारा.

तिसरी गोष्ट शेगडी. रात्री गारठा पडतो म्हणून लोक कोळशाची शेगडी खोलीत मागायचे. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. मुलांचा श्वास जलद असल्याने ती आधी बाधतात. मी अशी शेगडी द्यायला कायम नकार दिला आणि त्यावरून पाहुण्यांची बोलणीही खाल्ली.

त्यापेक्षा तळमजल्यावरचं, लहान अंगण आणि स्वयंपाकघर असलेलं साधं भाड्याचं घर घ्या. मुलाला हवं तेव्हा हवं ते शिजवता येतं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, २५०० मीटरवर साधारण ९१-९२ अंशांना, म्हणून शिजायला वेळ जास्त धरा, एवढंच.

रानवाट

काजवा, बाल्कनी आणि तलावाबद्दलचं सगळं मान्य. पण भाड्याचं घर नको. स्वयंपाकघर आलं की उंबरठा यांनी वर्णन केलेलं सगळं काम मागोमाग येतं, आणि ते कोणाकडे जाणार हेही ठरलेलंच. मला रिसॉर्ट हवं ते दरीसाठी नाही. शिजवणं, भांडी आणि केर या तीन गोष्टी चार दिवस दुसऱ्या कोणीतरी कराव्यात म्हणून हवं.

उंबरठा, तुमचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. अंधाऱ्या खोलीत आईच बसते, म्हणून आईने घरीच थांबावं? मग घरीही तीच बसणार आहे, शिवाय उकाड्यात. बदलायला हवी ती वाटणी. आमच्याकडे दुपारची झोप आळीपाळीने असते. एका दुपारी मी खोलीत, दुसऱ्या दुपारी नवरा. ज्याची पाळी नाही त्याने खरंच बाहेर जायचं, दाराशी घुटमळायचं नाही. हे निघायच्या आधी ठरतं. तिथे जाऊन ठरवायला गेलं तर भांडण होतं.

माजघर

नातवंडं असलेल्या माणसाचं दोन शब्द. श्रमांची वाटणी चालली आहे म्हणून विचारते, त्यात आजी-आजोबांचा वाटा कोणी धरलाय का? आम्हाला सोबत नेता ते आमचीही सुट्टी म्हणून, की तुम्हाला मोकळं फिरता यावं म्हणून? दोन्ही चालेल, नातवंडाजवळ बसायला मला आवडतंच. पण ते आधी सांगा. पायऱ्या पायऱ्यांच्या आवारात दोन वर्षांच्या पोरामागे धावणं आमच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि तिथे पोहोचल्यावर नाही म्हणता येत नाही.

थांबावं का? माझ्या मते नाही. पण अंतर बघा. पाच-सहा तासांच्या पलीकडचा डोंगर या वयात नकोच. दर दोन तासांनी मूल गाडीतून उतरून पळालं पाहिजे.

शेवाळ

माजघर आजी, हा मुद्दा धाग्यात सगळ्यात आधी यायला हवा होता. +१

उंबरठा

आळीपाळीची पद्धत चांगली आहे आणि ती सगळ्या घरांत असती तर माझा निम्मा विरोध मावळला असता. निम्मा, कारण परिचारिका ताईंनी लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि माझं मत उलट पक्कं झालं. किरकिर दमल्याची की उंचीची, हे दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत घरातल्या माणसाला ओळखता येत नाही. रात्री दोन वाजता, धुक्यात, घाटातून खाली यायचं की नाही हा निर्णय घ्यायची वेळ मला माझ्यावर आणायची नाही. चार वर्षांचं मूल "डोकं दुखतंय", "कान दुखतोय", "थंडी वाजतेय" ही तीन वाक्यं बोलतं. मी त्या तीन वाक्यांसाठी थांबतोय. कायमचं थांबा असं म्हणत नाही. तोवर उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी जवळच्याच पाण्याकाठी, झाडीत.

निळी फाईल

उंबरठा दादा, तुमची काळजी रास्त आहे, पण ती २५०० मीटरच्या वरची. १२००-१५०० मीटरवर हा प्रश्न जवळपास उरत नाही, आणि उकाड्यातून सुटायला तेवढी उंची पुरते. "थांबा" आणि "फार वर जाऊ नका" हे दोन वेगळे सल्ले आहेत.

उंबरठा

तेवढ्या उंचीवर दहा अंशांहून कमीच फरक पडतो. त्यासाठी मुलाची झोप आणि घडी मोडायची का, यावर मी अजूनही नाहीच म्हणेन.

रानवाट

आणि मी हो. ४० आणि ३१ यांत, बाहेर खेळता येणं आणि न येणं एवढा फरक असतो.

निळी फाईल ताई, एक विचारायचं होतं. परतताना घाट उतरताना मुलीला झोपवून आणावं असं सगळे सुचवतात, म्हणजे रडणार नाही. बरोबर आहे का?

निळी फाईल

शक्यतो जागी ठेवा. वर चढताना कानातली हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो आणि कान मोकळा व्हायला गिळावं लागतं. झोपेत गिळणं कमी होतं. मुलांची कानापासून घशापर्यंतची नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी असेल तर ती लवकर तुंबते. घाट सुरू झाला की थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी पाजा. मधे एक-दोन ठिकाणी गाडी थांबवून तिला दहा मिनिटं खाली उतरू द्या. नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधी सलाईनचे थेंब घाला. कान दुखून ताप आला असेल तर त्या दिवशी उतरण्याआधी डॉक्टरांना दाखवा.