पार्टिशन एकच, तरी होम सुटतं

लिनक्सवर रूटपासून (सगळ्यात वरच्या फोल्डरपासून) क्लॅमस्कॅन, म्हणजे क्लॅमएव्ही अँटिव्हायरसची तपासणी कमांड, लावला, 'क्रॉस-एफएस' (दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये शिरायचं का, हे ठरवणारा पर्याय) नो ठेवलं, आणि पार्टिशन एकच असूनही होममधली (तुमच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरातली) एकही फाइल तपासली गेली नाही, असं तुम्ही म्हणताय. डिस्कची फाइलसिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) बीटीआरएफएस आहे का ते आधी बघा. फेडोरा लिनक्सच्या ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपला तीच डीफॉल्ट आहे, आणि तिथे रूट व होम ही वेगवेगळी सबव्हॉल्यूम (एकाच पार्टिशनमधले स्वतंत्र कप्पे) असतात. प्रत्येकाचा डिव्हाइस नंबर (फाइलसिस्टिम ओळखायचा क्रमांक) वेगळा दिसतो, म्हणून क्लॅमस्कॅनला वाटतं की आपण दुसऱ्या फाइलसिस्टिमच्या उंबरठ्यावर आलो, आणि तो गुपचूप मागे फिरतो. एरर नाही, काही नाही! मीही यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

'फाइंडमाउंट' ही कमांड चालवा; कुठलं फोल्डर कुठल्या पार्टिशनवर आहे ते ती दाखवते. सोर्सच्या रकान्यात एकाच पार्टिशनपुढे चौकटी कंसात होम दिसलं, तर हेच कारण.

उपाय सोपा: कमांडमध्ये रूटसोबत होमचा पाथही द्या. किंवा 'क्रॉस-एफएस' यस राहू द्या (डीफॉल्ट तेच आहे) आणि प्रॉक, सिस या सिस्टिमच्या आभासी फोल्डरांना 'एक्सक्लूड-डिर'ने वगळा. मग बॅकअपची यूएसबी डिस्क मात्र आधी काढून ठेवा, नाहीतर तीही चाळत बसेल.

क्लॅमस्कॅनऐवजी क्लॅमडीस्कॅनही वापरता येतो; तो पार्श्वभूमीत चालणाऱ्या क्लॅमएव्ही सर्व्हिसकडून फाइली तपासून घेतो. तिथे 'परमिशन डिनाइड' आलं तर 'एफडीपास' (फाइल स्वतः उघडून सर्व्हिसच्या हाती देणारा पर्याय) जोडा.