सिक्स ऑफ स्वोर्ड्स: तलवारी होडीतच आहेत, काठावर नाहीत

उत्तररात्र (धागाकर्ती)
परवा इथे एकीने विचारलं होतं, की घटस्फोटानंतर काढलेल्या टॅरोच्या स्प्रेडमध्ये (म्हणजे प्रश्नासाठी मांडलेल्या कार्डांत) सिक्स ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे सहा तलवारींचं कार्ड आलंय, काय समजू? त्यावर 'सरळमार्गी' यांचं उत्तर: "अभिनंदन! वाईट दिवस संपले. मागचं सगळं काठावर टाका आणि निघा. मागे वळून बघितलंत तर या कार्डाचं फळ मिळणार नाही." वाचून डोकंच फिरलं. तिथे दोन ओळीत मावणार नाही, म्हणून वेगळा धागा.

रायडर-वेट नावाच्या टॅरो डेकमधलं (गठ्ठ्यातलं) हे कार्ड समोर ठेवा. नावाडी काठीने होडी रेटतोय. पुढ्यात अंगभर लपेटून बसलेली बाई, शेजारी मूल. तिघंही पाठमोरे, चेहरा एकाचाही दिसत नाही. आणि होडीच्या पुढच्या टोकाशी सहा तलवारी, टोकं खाली करून रोवलेल्या. या होडीत दुसरं सामानच नाही! तरी म्हणायचं मागचं सगळं टाकून या? त्या आत्ता उपटल्या तर भोकांतून पाणी आत येईल. उजवीकडे लाटा आहेत, डावीकडे पाणी संथ आहे, म्हणजे दिवस पालटणार हे कबूल. पण ती बाई दुःखासकट निघालीय. तिला वर "वळून बघू नकोस" असा दम कशाला?

सरळमार्गी
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही ऐका. हा डेक करवून घेणाऱ्या वेटने स्वतः या कार्डाबद्दल लिहिलंय की प्रवास सुरळीत आहे, ओझं हलकं आहे आणि काम नावाड्याच्या ताकदीबाहेरचं नाही. ओझं हलकं! भोकं, गळती, बुडणं हे सगळं तुमच्या पदरचं.

आणि माझा अनुभव सांगतो. माझ्या बहिणीला कार्डं वाचणाऱ्या एका रीडरने असंच सांगितलं होतं, की दुःख सोबत घेऊनच जायचं असतं. ती कित्येक वर्षं तेच कवटाळून बसली. जुने मेसेज रोज वाचायची. तिला कोणीतरी "पुरे आता" म्हणायला हवं होतं. खचलेल्या माणसाला अर्थाच्या छटा नको असतात, हात धरून उठवणारा हवा असतो.

जुनाजाणता
दोघंही एका चित्रावरून भांडताय. मार्सेय या जुन्या फ्रेंच डेकमध्ये या कार्डावर होडी नाहीच. वाकड्या तलवारींची नक्षी आणि मधे एक फूल, संपलं. थॉथ नावाच्या आणखी एका डेकमध्ये याच कार्डाचं नाव 'सायन्स' आहे, आणि गोल्डन डॉन या गूढविद्येच्या संघटनेतले लोक याला कष्टाने मिळवलेलं यश म्हणायचे. तिथे कुठली रडणारी बाई?

उत्तररात्र
जुनाजाणता, विचारणारीकडे रायडर-वेट डेक होता, तेव्हा चित्र त्याचंच बघणार ना? आणि सरळमार्गी, वेटच्या पुस्तकातले अर्थ बरेचसे आधीच्या फ्रेंच परंपरेतून आलेत. एटेया या जुन्या फ्रेंच कार्डवाचकाच्या डेकवर या कार्डाला 'मार्ग' म्हटलंय, तेच वेटकडे उतरलं. ती पाठमोरी बाई काढली चित्रकार पामेला कोलमन स्मिथने. १९०९ मध्ये तिने या कामाबद्दल पत्रात लिहिलं होतं, की काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे. डेकच्या नावात प्रकाशक रायडर आला, वेट आला, ती नाही. आता अर्थ लावतानाही तिचं चित्र बाजूला ठेवायचं?

शंखनाद
माझा प्रश्न वेगळा आहे. मला हे कार्ड उलटं, म्हणजे चित्र डोक्यावर उभं असलेलं, आलं होतं. रीडर म्हणाली, "तुम्ही अडकलात, यातून निघणार नाही." ते वाक्य घेऊन मी कितीतरी रात्री जागून काढल्या. उलट्या कार्डावर एवढा जड निकाल द्यायचा हक्क यांना दिला कोणी?

जुनाजाणता
शंखनाद, वेटकडे उलट्या सिक्सचा अर्थ आहे जाहीर सांगणं, कबुली. एका मताने तर प्रेमाची मागणी! अडकणं त्यात कुठेच नाही, ते नंतरच्या रीडर्सनी घातलं. मी उलटी कार्डं वाचतच नाही. पिसताना गठ्ठ्याचा एक भाग फिरला, एवढंच त्याचं कारण.

चंद्रकोर
पिसणं योगायोग, तर कार्ड येणंही योगायोगच. मग सरळ तरी कशाला वाचता? उलटी टाळणारे रीडर ७८ कार्डांतलं अवघड ते सोडून देतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनाजाणता
टाळत नाही! अवघड अर्थ सरळ कार्डातही असतात. टेन ऑफ स्वोर्ड्स (पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस) सरळ आलं तरी काय गोड बोलतं? माझ्या अभ्यासाबद्दल माहिती नसताना असली विधानं करू नका.

चंद्रकोर
अभ्यासाबद्दल बोललेच नाही, पद्धतीबद्दल बोलले. अंगाला लावून घ्यायचं तर घ्या.

शंखनाद
तुमचं दोघांचं चालू द्या, पण माझ्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही. कार्ड सरळ असो की उलटं, "निघणार नाही" हे वाक्य समोरच्याला का ऐकवायचं?

काजळमाया
परवाचा प्रश्न माझाच होता. सगळं वाचलं. त्या चित्रातल्या मुलाबद्दल इथे कोणी अवाक्षर काढलेलं नाही. माझा मुलगा दर रविवारी वडिलांकडे जातो. त्याला सोडायला मीच जाते, दारात दोन शब्द बोलावे लागतात, शाळेचं, औषधाचं. मागचं काठावर टाका म्हणजे नक्की कोणाला टाकू? सरळमार्गींचं उत्तर वाचून आधी हुरूप आला होता. मग रविवारी परतताना रडू फुटलं, आणि वाटलं मी कार्डाचं फळ घालवलं.

सरळमार्गी
मुलाचा मुद्दा मान्य. "फळ मिळणार नाही" हे वाक्य मागे घेतो, ते लिहायला नको होतं. पण ओझं हलकं आहे यावर मी ठाम आहे. काजळमाया, रडलात म्हणून काही हुकलेलं नाही.

उत्तररात्र
वाक्य मागे घेतलंत, ठीक. मग त्या धाग्यावरचा प्रतिसादही दुरुस्त करा, तिथे तो अजून तसाच आहे आणि लोक वाचताहेत. ओझ्यावर आपलं जुळणार नाही. काजळमाया, त्या स्प्रेडमधली बाकीची कार्डं कोणती होती ते लिहा. एकट्या सिक्सवरून आम्ही सगळ्यांनीच फार बोलून घेतलंय.