मदत हवी आहे : सोलरसाठी शेत भाड्याने द्यावं का? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय

पाटाचंपाणी
आमची जमीन सोलरवाले मागताहेत. एकरी ४० हजार वर्षाला, करार २९ वर्षांचा. मध्यस्थ म्हणतो, सोमवारी सही झाली नाही तर शेजारचा जमिनीचा गट घेणार. आता ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी, पक्का करार नंतर. आई नको म्हणते. मी नाशिकला अंबडच्या कंपनीत, शेत वाट्याने दिलंय, त्यातून हाती काही येत नाही. दर बरोबर आहे का एवढंच सांगा. भाषण नको.

शिवारफेरी
तालुका कुठला? जिरायत की बागायत? किती एकर? सरकारी योजनेत चाललीय की खासगी कंपनीला? निफाडची द्राक्षाची जमीन असेल तर ४० हजाराला हातही लावू देऊ नका. माळरान असेल तर गोष्ट वेगळी.

पाटाचंपाणी
सिन्नर, वावीच्या बाजूला. सहा एकर जिरायत. विहीर आहे, उन्हाळ्यात आटते. योजनेतलं आहे म्हणतो. दर?

तारवाला
योजना म्हणजे शेतीपंपांना दिवसा सौरवीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० असेल, तर दर मध्यस्थाने ठरवायचाच नाही. शासनाने ठरवलेला आहे : हेक्टरी १ लाख २५ हजार किंवा रेडीरेकनरच्या (शासनाने ठरवलेल्या जमिनीच्या) किमतीच्या ६ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे एकरी साधारण ५० हजार. तुम्हाला ४० सांगतोय, वरचे दहा कुठे जाताहेत ते त्याला विचारा. शिवाय मूळ दरावर दरवर्षी ३ टक्के वाढ, पण ती सरळ पद्धतीने, चक्रवाढ नाही. पंचविसाव्या वर्षी हेक्टरी २ लाख १५ हजार होतील. तेव्हा त्या पैशाला काय किंमत असेल याचा हिशेब घरी बसून करा.
महावितरणचं उपकेंद्र किती किलोमीटर आहे ते सांगितलंच नाहीत. पाचच्या आत हवं.

बंगला_नंबर_९
आम्ही गंगापूर रोडला छतावर ३ किलोवॅट बसवलं. सूर्यघर योजनेत ७८ हजार अनुदान मिळालं, बिल जवळजवळ संपलं. सोलर डोळे झाकून घ्या. फक्त पॅनल आठवड्याला धुवा.

शिवारफेरी
अहो, प्रश्न छताचा नाही, जमिनीचा आहे.

एकलहरेकर
दर सांगून झाला, आता दुसरी बाजूही ऐका. आमच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, १९७९ ते ८१ च्या काळातले. कोळसा रेल्वेने विदर्भातून येतो. भाडं चढतं, युनिट महाग पडतं, मग मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त वीज आधी घ्यायच्या क्रमात, आम्ही मागे आणि संच बंद ठेवायचे. ६६० मेगावॅटच्या बदली संचाचं नाव निघतं आणि विरतं. कंत्राटी कामगारांची घरं यावर चालतात, त्यांचं काय करायचं हे एकाही मंत्र्याने नीट सांगितलेलं नाही. सूर्य मावळल्यावर तुमची पॅनल शून्य, आणि विजेची ओढ तर संध्याकाळी असते. तेव्हा कोळसाच लागतो.

तारवाला
एकलहरेकर, कामगारांबद्दल तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं. पण शेतीपंपाला संध्याकाळी वीज हवी कोणाला? दिवसा द्या, हीच तर मागणी आहे. आमच्याकडे रात्रीच्या पाळीला पिकाला बारं (पाणी) द्यायला माणूस जातो तेव्हा घरचे जागे असतात, कारण उसात बिबट्या आहे. उपकेंद्राशेजारीच वीज तयार झाली तर लांबून वाहून आणायचा तोटा वाचतो आणि युनिट ३ रुपयांच्या आसपास पडतं. संध्याकाळसाठी घाटघरसारखे पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प वाढवा.

एकलहरेकर
घाटघर २५० मेगावॅटचं आहे आणि २००८ पासून आहे. त्यानंतर किती उभे राहिले?

अंबड_युनिट
कारखानदार म्हणून बोलतो. शेतीची वीज स्वस्त ठेवायची आणि फरक आमच्या बिलात टाकायचा, हे वर्षानुवर्षं चाललंय. ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत केली, ती २०२९ पर्यंत. पैसे शासन भरणार, पण शासनाचे पैसे येतात कुठून? शेतीचा भार स्वस्त सौरविजेवर गेला तर आमच्यावरचं ओझं हलकं होईल, म्हणून माझा पाठिंबा आहे. फक्त बचत बिलात दिसली पाहिजे.

पाटाचंपाणी
माझा प्रश्न राहिला बाजूला. सोमवारी सही करू की नको?

कोर्टगल्ली
सातबारावर नावं कोणाची? बोजा आहे का?

पाटाचंपाणी
आई, मी, ताई आणि दोन आत्या. आत्यांची नावं नुसती लागलीयत, त्या काही मागत नाहीत. सोसायटीचं पीककर्ज आहे.

कोर्टगल्ली
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. नुसतं नाव असं काही नसतं, आत्या हिस्सेदार आहेत. सगळ्यांच्या संमतीशिवाय तुम्ही पूर्ण गट भाड्याने देऊ शकत नाही. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोटरीचा कागद भाडेपट्टा होत नाही, पण तुम्हाला अडकवायला पुरतो. त्यात कुलमुखत्यारपत्र असेल तर तुमच्या वतीने पुढची सही तोच करेल. मसुदा आणा, भाडं कोण देणार, थकलं तर काय, मुदत संपल्यावर पाया कोण उखडणार, हे लिहिलेलं आहे का बघा. सोसायटीचा ना हरकत दाखला वेगळा.

माळरान
सिन्नरचेच आहात म्हणून सांगते. तालुक्यात १३५० मेगावॅटचा खासगी औष्णिक प्रकल्प उभा राहिला आणि वर्षानुवर्षं बंद पडून राहिला. त्यासाठी जमिनी कायमच्या गेल्या. भाडेपट्ट्यात नाव तरी आपलं राहतं, म्हणून मी विरोध करणार नाही. पण तुमचं शेत वाट्याने करणाऱ्याचं काय? भाडं तुम्हाला, वीज सगळ्यांना, त्याला काय? त्याला सांगितलंत का?

पाटाचंपाणी
नाही. वडील होते तेव्हापासून तेच कुटुंब करतं.

माळरान
मग मध्यस्थाच्या आधी त्यांच्याशी बोला. सहाच्या सहा एकर द्यायला हवेत असं थोडंच आहे?

पाटाचंपाणी
सोमवारची सही करत नाही, त्याला कळवलं. आत्यांना फोन झाला. थोरल्या हो म्हणाल्या, धाकट्या म्हणतात विहिरीकडचे दोन एकर द्यायचे नाहीत. मलाही ते पटलं, तेवढं वाट्याला ठेवता येईल. उपकेंद्र तीन किलोमीटरवर आहे. विहीर वगळून करार होतो का?

कोर्टगल्ली
होतो. आधी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका, चार एकराची हद्द नकाशावर दाखवून तो नकाशा कराराला जोडा. विहिरीवर जायचा रस्ता आणि पाइपलाइन कुंपणाच्या आत अडकणार नाही, हे शब्दांत लिहून घ्या.

तारवाला
आणि चारच एकर उरले तर प्रकल्पाला पुरतात का हे महावितरणच्या कार्यालयात स्वतः विचारा. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. शेजारचा गट जोडून घ्यावा लागेल, म्हणजे शेजाऱ्याला मध्यस्थ काय दर सांगतोय तेही कळेल.